चार वाजताची घरघर

"दोनशे अकरा, दोनशे बारा... चेमो, तो साचा हलवलास ना, तर तुलाच मफिनसारखा भाजून काढीन!" डेल्फिना ओरडली.

"मी कुठे हलवला? टेबलच हललं!" तिचा धाकटा भाऊ चेमो म्हणाला. त्याचं कोपर मात्र साच्यातच होतं.

ब्राकामोंते कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर मफिन भाजायचे आठ साचे मांडले होते. त्यांत मफिन सोडून बाकी सगळं होतं. एका खळग्यात पिवळे कपॅसिटर, दुसऱ्यात पट्ट्यापट्ट्यांचे रेझिस्टर, तिसऱ्यात तांदळाएवढे स्क्रू. सुट्टीत टूसॉन शहरातली बाकीची मुलं पोहण्याच्या तलावात डुंबत होती. ही तिघं पिशव्या भरत होती. तिसरा म्हणजे शेजारचा कॉर्विन. तो यादी वाचायचा, डेल्फिना मोजायची, चेमो पिशवीत टाकायचा आणि अधूनमधून जमिनीवरही टाकायचा.

एका पिशवीतून एक पेटी तयार व्हायची. घरातला कॉम्प्युटर आणि रेडिओ यांच्यामध्ये ती जोडली, की तुम्ही लिहिलेल्या मजकुराची ती छोटी छोटी पाकिटं करायची, प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव घालायची आणि हवेतून पाठवून द्यायची. दुसरं टोक लांब असलं, तर डोंगरावरचा रिले, म्हणजे तिथला रेडिओ, ती झेलून पुढे पाठवायचा. दुसऱ्या टोकाची पेटी ती पाकिटं जुळवून पुन्हा मजकूर करायची. बाजारात अशी पेटी घ्यायला गेलात, तर तेवढ्या पैशांत जुनी मोटार आली असती! म्हणून शहरातल्या रेडिओ मंडळाच्या हौशी लोकांनी स्वतःच डोकं लढवलं. पेटीचा स्वस्त आराखडा डेल्फिनाच्या पापांनी केला. ते तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. पेटीत चालणारा प्रोग्रॅम मिस्टर क्विम्बींनी लिहिला. ते निवृत्त इंजिनियर होते, मंडळाचे अध्यक्ष होते आणि माहितीपुस्तिकाही त्यांचीच होती.

मला विचाराल तर त्या पेटीची सगळ्यात छान गोष्ट म्हणजे तिची शिस्त. बोलण्याआधी ती ऐकायची. कुणी बोलत असेल तर थांबायची. माणसांना हे कधी जमणार, देव जाणे!

दार वाजलं आणि मिस्टर क्विम्बी आत आले. हातात टोपी, कपाळावर आठ्या.

"एउसेबियो, सोमवारपासून तिसरा दिवस! दुपारी चार वाजले की हवेत नुसती घरघर. एकाचाही निरोप जात नाही."

"मीही ऐकलं," पापा म्हणाले. त्यांची पाळी साडेचारला सुरू व्हायची, म्हणून ते बूट चढवत होते. "कारण काही कळेना."

"कारण स्पष्ट आहे." मिस्टर क्विम्बींनी टेबलाकडे बोट केलं. "मे महिन्यात चाळीस संच विकले. त्या पिशव्या कुणी भरल्या? या पोरांनी! कुठल्या तरी पेटीत भलताच भाग गेलाय आणि ती बिघडून बोंबलतेय."

"आम्ही प्रत्येक पिशवी दोनदा मोजतो!" डेल्फिना म्हणाली.

"मोजत असशील गं बाळा. पण तू तेरा वर्षांची आहेस आणि हा नऊ."

"साडेनऊ!" चेमो म्हणाला.

"शनिवारी साडेचारला सभा, इथेच," मिस्टर क्विम्बी पापांना म्हणाले. "मी ठराव मांडणार आहे. सगळ्या पेट्या परत मागवायच्या आणि तोपर्यंत डोंगरावरचा रिले बंद. सप्टेंबरमध्ये बघू."

डेल्फिनाच्या हातातला कपॅसिटर खाली पडला. रिले बंद? म्हणजे लॉर्ना बंद!

लॉर्ना टीग बारा वर्षांची होती आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळा चालू असली की ती टूसॉनच्या वसतिगृहात राहायची. सुट्टीत मात्र साठ मैलांवर, डोंगराच्या उतारावर, वडिलांच्या गुरांच्या रँचवर. तिथे फोन नव्हता आणि असता तरी तिला काय उपयोग? आई नव्हती. वडिलांना हातांच्या खुणांची भाषा मोडकीतोडकी यायची. जेव, झोप, गाय, पाणी, एवढीच. डेल्फिनाची आणि तिची ओळख रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेत झाली. सगळ्यांनी मोर्सचा कट्टकडकट्ट कानांनी ऐकला. लॉर्नाने स्पीकरवर बोटांची टोकं टेकवली आणि एकही अक्षर न चुकवता पास झाली! मग पापांनी तिला स्वतः एक पेटी जोडून दिली. रँचवर जनरेटर चालायचा तो फक्त चार ते सात. त्या तीन तासांत लॉर्ना आणि डेल्फिना डोंगरावरच्या रिलेमधून गप्पा मारायच्या. लॉर्नाला दिवसभरात मिळणारं बोलणं तेवढंच.

सोमवारपासून तेही गेलं होतं.

"पापा, तुम्ही काही बोला ना!" मिस्टर क्विम्बी गेल्यावर डेल्फिना म्हणाली.

"काय बोलू मिहा, पोरी? घरघर आहे हे खरं. ती कुणाची, हे दाखवता आलं तरच बोलण्यात अर्थ." पापांनी डबा उचलला. "आणि मंडळातले लोक? सगळे म्हणतात, ऊन उतरू दे, मग शोधू."

"ऊन उतरणार ऑक्टोबरात!" कॉर्विन म्हणाला.

गुरुवारी चारला दहा मिनिटं असताना पडद्यावर अचानक अक्षरं उमटायला लागली. डेल्फिना खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली.

"लॉर्ना! पापा, लॉर्ना!"

रँचवर त्या दिवशी जनरेटर लवकर लावला होता. लॉर्नाने लिहिलं होतं: "तुम्ही सगळे गप्प का आहात? माझ्या पेटीवरचा पिवळा दिवा बघत बसले होते. कुणी बोलत असलं की तो लागतो. चार ते सात, तीन सेकंद चालू, तीन सेकंद बंद. सारखं तेच. मी चारशेपर्यंत मोजलं. हे कोण आहे?"

तीन दिवस सगळ्या गावाने ती घरघर ऐकली होती आणि कान किटले म्हणून आवाज बारीक केला होता. मोजली कुणीच नव्हती!

"बिघडलेली पेटी इतकी शिस्तीत बोंबलेल?" कॉर्विनने विचारलं.

पापांनी दाराशीच थांबून मान हलवली. "नाही. बिघडलेली पेटी कशीही बरळते. ही पेटी हाक मारतेय. कुणाला तरी बोलावतेय, उत्तर येत नाही, म्हणून पुन्हा बोलावतेय. मधल्या तीन सेकंदांत ताटकळलेल्या बाकीच्या सगळ्या पेट्या एकदम बोलायला धावतात आणि मग कुणाचंच कुणाला कळत नाही."

"पण हाक मारली तर पाकिटावर नाव असेल ना?" चेमो म्हणाला. "मग आपल्याला ते दिसत का नाही?"

"तेच शोधायला हवं," म्हणत पापा गाडीकडे निघाले.

डेल्फिना घाईघाईने टाइप करत होती: "शनिवारी सभा आहे. रिले बंद करायचं म्हणतात. आम्ही शोधतोय—" पोचल्याची खूण आली आणि त्याच क्षणी घर्रर्र... चार वाजले होते.

तिने टाइप करणं सोडून दिलं. रडू येत होतं. तिला परीक्षेचा दिवस आठवला. लॉर्नाला ऐकू येत नाही म्हटल्यावर परीक्षक तिच्या तोंडासमोर येऊन ओरडले होते, "ना-व का-य तु-झं?" लॉर्नाने कागदावर लिहून दिलं होतं, "ओरडू नका. ओरडलं की ओठ वाकडे होतात. वाचता येत नाही."

"पापा!" डेल्फिना धावत अंगणात गेली. पापा गाडी काढत होते. "पेटी खूप मोठ्याने बोलली तर? म्हणजे पेटीच ओरडली तर?"

पापांनी इंजिन बंद केलं. "पेटीत एक छोटा स्क्रू असतो, आवाज कमी-जास्त करायचा. तो पूर्ण पिळला, तर सूर फाटतात. समोरच्या पेटीला ते वाचताच येत नाहीत. नावसुद्धा नाही." ते तिच्याकडे बघत राहिले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"लॉर्नाने," डेल्फिना म्हणाली.

त्या दिवशी पापा कामावर दहा मिनिटं उशिरा पोचले, कारण जाता जाता त्यांनी मुलांना एक युक्ती शिकवली.

शुक्रवारी दुपारी पारा एकशे सहा फॅरनहाइटवर होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शाळेच्या मैदानात मात्र डेल्फिना वॉकीटॉकी छातीशी घट्ट धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरत होती.

"लोक बघतील तर म्हणतील, ऊन लागलं बिचारीला," कॉर्विन म्हणाला.

"गप्प बस आणि ऐक!"

घर्रर्र... तीन सेकंद. शांत... तीन सेकंद. घर्रर्र... ती थोडी वळली. पुन्हा थोडी. एका जागी आवाज एकदम बारीक झाला.

"इथे! आता माझं अंग मध्ये येतंय. म्हणजे घरघर माझ्या पाठीच्या दिशेला आहे!"

कॉर्विनने शहराच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली. मग सायकली दामटत तिघं वाचनालयापाशी गेली. पुन्हा गोल गोल फिरणं, पुन्हा रेघ. दोन रेघा एकमेकींना जिथे छेदत होत्या, तिथे कॉर्विनने बोट ठेवलं.

"ओकोटियो रस्ता."

"तिथे कोण राहतं?" चेमोने विचारलं. तोंड रास्पादोच्या लाल बर्फाने माखलेलं होतं. तो त्याने मधल्या मध्ये कधी मिळवला, कुणास ठाऊक!

ओकोटियो रस्त्यावर शिरल्यावर घरघर इतकी वाढली की कुठेही वळलं तरी सारखीच. डेल्फिनाने वॉकीटॉकीचा अँटेना काढून खिशात घातला. तरीही घर्रर्र! एका घरासमोर तिघं थांबली. छतावर तीन अँटेना, दाराशी निवडुंगाची कुंडी, पत्रपेटीवर नाव.

"हे तर..." चेमोचा बर्फ खाली पडला. "हे तर मिस्टर क्विम्बींचं घर!"

तिघांनी पत्रपेटीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग कॉर्विनच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आपल्याला बोल लावतात काय! चला, खिडकीतून हात घालून बटणच बंद करू. गंमत बघू!"

"नाही," डेल्फिना म्हणाली. "दुसऱ्याच्या रेडिओला हात लावायचा नाही."

"मग त्यांना सांगू."

"त्यांना पटेल? त्यांचा प्रोग्रॅम, त्यांची पुस्तिका. ते म्हणतील, पोरांनो, घरी जा. आणि उद्या आपल्यालाच ऐकून घ्यावं लागेल."

तेवढ्यात दार उघडलं. मिसेस क्विम्बी पाण्याची झारी घेऊन बाहेर आल्या. "अगं बाई! या उन्हात? आत या आधी, तोंडं बघा कशी टोमॅटो झालीत!"

स्वयंपाकघरात गार लिंबूसरबत पिता पिता डेल्फिनाला शेजारची खोली दिसत होती. टेबलावर पेटी होती आणि पेटीवरचा लाल दिवा... तीन सेकंद चालू, तीन सेकंद बंद.

"मिस्टर क्विम्बी घरी नाहीत?" तिने विचारलं.

"ते रोज चारला तलावावर जातात. जाता जाता त्या यंत्राला फ्लॅगस्टाफच्या मित्राला हाक मारायला लावून जातात. मी म्हणते, अहो, तो सोमवारपासून मासे पकडायला गेलाय, रेडिओ बंद करून! तर म्हणतात, लागला तर लागला. उद्यासुद्धा सभेला यायच्या आधी लावूनच येतील बघा."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. डेल्फिनाने ग्लास खाली ठेवला. "मिसेस क्विम्बी, उद्या तुम्ही घरी असाल? साडेचारनंतर कदाचित एक फोन येईल."

तिने सगळं सांगितलं. लॉर्नाचंही सांगितलं. मिसेस क्विम्बी आधी हसल्या, मग उठून उभ्या राहिल्या.

"मी आत्ताच बंद करून टाकू का?"

"नको," डेल्फिना म्हणाली. "त्यांनी स्वतः सांगितलं तरच करा. त्यांनी स्वतः ऐकायला हवं."

शनिवारी त्याच जेवणाच्या टेबलाभोवती चौदा सभासद दाटीवाटीने बसले होते. मफिनचे साचे जमिनीवर गेले होते. कोपऱ्यात पापांचा कॉम्प्युटर चालू होता आणि पडदा कोरा होता.

"ठराव वाचतो," मिस्टर क्विम्बी उभे राहिले. "विकलेले सर्व संच परत मागवावेत. डोंगरावरचा रिले सप्टेंबरपर्यंत बंद ठेवावा. बाजूने असतील त्यांनी हात—"

"थांबा!" डेल्फिनाचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं द्या."

"ही मोठ्यांची सभा आहे, बाळा."

"ती परवानाधारक आहे," पापा शांतपणे म्हणाले. "बोलू द्या तिला."

डेल्फिनाने वॉकीटॉकी टेबलाच्या मधोमध ठेवून सुरू केली. घर्रर्र... चेमोने बोटं वर केली. एक, दोन, तीन. शांत. एक, दोन, तीन. घर्रर्र...

"बिघडलेल्या पेटीचा आवाज," मिस्टर क्विम्बी म्हणाले.

"इतका मोजून मापून? आमच्या मैत्रिणीने हा चारशेपर्यंत मोजला. कुणीतरी हाक मारतंय आणि थांबत नाहीये. आणि इतकं ओरडतंय की नाव वाचता येत नाही." तिने टेबलाची कड धरली. "मिस्टर क्विम्बी, तुम्ही घरी एक फोन कराल? मिसेस क्विम्बींना सांगा, रेडिओच्या टेबलावरचं बटण बंद करा."

"माझा रेडिओ? माझा!" ते हसले. दोन-चार जणही हसले. "मुली, हा प्रोग्रॅम मी लिहिलाय!"

"मग फोन करायला काय हरकत आहे?" कॉर्विन हळूच म्हणाला.

आता सगळेच त्यांच्याकडे बघत होते. मिस्टर क्विम्बींनी खांदे उडवले, भिंतीवरच्या फोनचा नंबर फिरवला. "ओटिली? ते टेबलावरचं बटण जरा बंद कर. हो. हो, आत्ताच. नाही, हसायला काय झालं?"

घर्र—

आणि शांत. एक, दोन, तीन. चार. पाच. सहा. चेमोची बोटं संपली. घरघर आली नाही.

मिस्टर क्विम्बींच्या हातात फोन तसाच राहिला.

मग वॉकीटॉकीतून एक बारीकसा झर्रकन आवाज आला. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा. गावातल्या चारपासून ताटकळलेल्या पेट्या एकेक करून, एकमेकींना जागा देत, बोलायला लागल्या होत्या. कोपऱ्यातला पडदा भरायला लागला. सगळे खुर्च्या सरकवून तिकडे वळले.

पहिली ओळ लॉर्नाची होती.

"आज चारपासून पाठवतेय. पोचलं तर वाचा. मीही मंडळाची सभासद आहे. रिले बंद करायचा की नाही, याचं मत घेणार आहात. ज्या रिलेवरून मी बोलते तोच बंद करताना मला विचारणार कसं? माझं मत: नको. लॉर्ना टीग."

मागे बसलेल्या एका गृहस्थांनी, ज्यांनी मघाशी अर्धा हात वर केला होता, त्यांनी तो गुपचूप खिशात घातला.

मिस्टर क्विम्बी खाली बसले. त्यांनी आपलीच पुस्तिका मागून घेतली, चष्मा लावला, पान काढलं. "उत्तर न आल्यास किती वेळा पुन्हा हाक मारावी..." त्यांनी मोठ्याने वाचलं. "शून्य लिहिल्यास पेटी कधीच थांबणार नाही." चष्मा काढून ते म्हणाले, "जुन्या प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे पुन्हा हाकच मारायची नाही. फेब्रुवारीत मी स्वतः ते बदललं. स्वतः हे वाक्य लिहिलं. आणि घरी सवयीने शून्यच ठेवलं. पुस्तिका मी लिहिली, म्हणून मी ती कधी उघडलीच नाही!"

"आणि स्क्रू?" पापांनी विचारलं.

"पूर्ण पिळलाय. म्हटलं, फ्लॅगस्टाफ लांब आहे, जरा मोठ्याने बोलावं."

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले, मिस्टर क्विम्बीसुद्धा. हसून झाल्यावर ते उठले आणि मुलांसमोर येऊन उभे राहिले. "इतके दिवस मी तुमच्या नावाने खडे फोडत होतो. पिशव्या बरोबर होत्या. चुकलो मी. माफ करा." मग सभेकडे वळून म्हणाले, "आपण चौदा जण घरात बसून ऊन उतरायची वाट बघत होतो. ही तिघं आणि तिकडे रँचवर बसलेली ती चौथी, यांनी ऐकलं, मोजलं, शोधलं. ठराव मी मागे घेतो."

टाळ्या वाजल्या. चेमोने दोन्ही हात वर केले, जणू त्याने एकट्यानेच सगळं केलं होतं. पापांनी डेल्फिनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मिस्टर क्विम्बी कॉम्प्युटरसमोर बसले. एकेक अक्षर शोधत, दोन बोटांनी त्यांनी लिहिलं: "मिस टीग, दोष माझ्या पेटीचा होता. मी तुमची मनापासून माफी मागतो. रिले चालू राहील. तुम्ही दिवा मोजला नसता तर आम्हाला कळलंच नसतं. तुमचं मत नोंदवलं आहे. आणखी एक, माहितीपुस्तिका आता नव्याने लिहायची आहे, त्यात तुमची मदत..."

ते लिहीतच होते. लिहिताना त्यांना चांगलाच रंग चढला होता. एक पान झालं, दुसरं सुरू झालं. बाकीचे सभासद मागे उभे राहून सूचना करत होते, हे लिहा, तेही लिहा.

शेवटी त्यांनी पाठवायचं बटण दाबलं. थोड्या वेळाने उत्तर आलं.

"माफ केलं. पुस्तिकेचं बघू. पण सातला जनरेटर बंद होईल. आता जरा डेल्फिनाला बसू द्याल का? आमचं पाच दिवसांचं बोलायचं राहिलंय."

मिस्टर क्विम्बी ताडकन उठले, खुर्ची डेल्फिनाकडे सरकवली आणि बाकीच्या तेराच्या तेरा मोठ्या माणसांना हाताने ढकलत अंगणात घेऊन गेले.